अक्कांच्या मांडीवरचा तांब्या: गांधीधाम ते पारोळा, आणि पुढे गावापर्यंत

आईचा फोन आला तेव्हा मी फोर्कलिफ्टवर होतो. समोरच्या दोन दांड्यांवर सागाचा ओंडका. असा ओंडका उचललेला असताना फोन घ्यायचा नसतो, म्हणून आधी ओंडका खाली ठेवला आणि मग फोन घेतला. तोवर आईचं अर्धं बोलून झालं होतं.

"…बस नही, रिक्षा नही, जीप नही. चारचाकी लई ये म्हने, आनि चालवनारा चांगला पाहिजे म्हने. नहीतं पोर तिकडंच बाळंत होईल. ऐकतो का?"

बोलणं माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, रूपालीबद्दल होतं. तिला सातवा महिना लागलेला. सासर पारोळ्याला, आमचं गाव पाचोऱ्याच्या अलीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. आईने बाजेची सुतळीसुद्धा नवी आवळून घेतली होती. आता मधे होत्या फक्त अक्का, रूपालीच्या सासूबाई; चारचाकीची अट त्यांचीच. रूपालीचा नवरा नाशिकच्या कंपनीत, त्याला सुट्टी नाही. मी कच्छमधे गांधीधामला, लाकडाच्या बखारीत. सुट्टी मलाही नव्हती, पण माझ्याकडे तीन महिन्यांपूर्वी घेतलेली जुनी पांढरी गाडी होती. घरात गाडी आली की आधी नातेवाइकांना कळतं, मग आरटीओला.

सहा दिवसांची सुट्टी काढली आणि पहाटे पाचला निघालो.

पहिला दिवस: गांधीधाम ते सुरत

खान्देशात जायला कच्छकडून कोणी येत असेल, तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. पहाटे निघा, सुरजबारीचा पूल ऊन चढायच्या आत ओलांडा. हळवदला गाठिया आणि तळलेली मिरची खा, पण पोटभर नको, पुढे झोप येते. अहमदाबादला शहरात शिरू नका, बाहेरून जा. टोल किती लागतो ते मला विचारू नका. फास्टॅग आपोआप कापतो आणि मी मेसेज वाचत नाही.

त्या दिवशी ब्रेकला मी फारसा पाय लावलाच नाही. रस्ता इतका सरळ की माणूस गाडी चालवतोय की टीव्ही बघतोय, हे कळत नाही. माझ्या मनात सारखं येत होतं की आपण ड्रायव्हर झालो. सुरतला उधन्यात आमच्या गावच्या पोरांच्या खोलीवर मुक्काम केला. पोरांनी गाडीभोवती फिरून तीन प्रश्न विचारले. ॲव्हरेज किती देते, किती पळते आणि गाणी कशी वाजतात. थांबते का, हे कोणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही.

दुसरा दिवस: सुरत, सोनगीर, पारोळा

नवापूरपर्यंत मजेत. मग कोंडाईबारीचा घाट लागतो. मी चढत होतो, समोरून ट्रक उतरत होते. काच खाली केली तर रबर जळाल्यासारखा वास. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो होतो, तिथे टपरीवर केळीचा एक ट्रक उभा होता, चाकांमधून धूर निघत होता आणि ड्रायव्हर शांतपणे भजी खात होता.

"काय झालं हो भाऊ?" मी विचारलं.

"काही नाही. ब्रेक तापलेत."

"सारखे तापतात का?"

"मालकाचं म्हणणं असतं, मोठ्या गिअरमधे उतर, लवकर पोच. मग सगळा घाट पाय ब्रेकवरच ठेवून उतरावा लागतो. तापले की धरत नाहीत." त्याने एक भजं माझ्याकडे सरकवलं. "मालकाला सांगितलंय, पुढच्या वेळी तुम्ही सोबत बसा."

साक्रीच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. दीडशे रुपयांत ताटभर, भाकरी मागाल तितकी. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. सांगून उपयोग होत नाही, पण सांगितल्याचं समाधान राहतं.

धुळ्याहून पारोळा सरळ पुढे आहे. मी मात्र डावीकडे आग्रा रोडने सोनगीरला वळलो. तिथे तांब्यापितळेची भांडी घडवणारे आहेत, आणि बाळाच्या अंघोळीच्या पाण्याला आईला तांब्याचं घंगाळ हवं होतं. जायला वीसेक किलोमीटर, परत यायला तेवढेच. किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. वेळ असेल तर चढा, मला नव्हता.

सोनगीरच्या अलीकडे उलट्या बाजूने एक मोटारसायकल आली. तिच्यावर तिघं, आणि तिघांच्या मधे एक शेळी. हॉर्न वाजवला. आपल्याकडे ब्रेकचं निम्मं काम हॉर्नच करतो असं आपण धरून चालतो. शेळी धरून चालत नव्हती, तिने उडी मारली. मी ब्रेकवर उभा राहिलो. आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खडखडखड, जणू खालून कोणी हातोडी मारतंय. मी घाबरून पाय उचलला. गाडी तशीच पुढे गेली, मी चाक वळवलं आणि शेतात शिरलो. शेळी वाचली, कपाशीच्या दोन झाडांचा प्रश्न मिटला.

पाच मिनिटांत पाच जाणकार जमले. खान्देशात ॲम्ब्युलन्सला उशीर होईल, जाणकारांना होत नाही.

"ब्रेकना शू गये तुना," पहिला म्हणाला.

"शू नही रे, तेलमा हवा शिरनी."

"नवी गाडी लिधी, लिंबू बांधं व्हतं का?" तिसऱ्याने विचारलं.

"बांधलं होतं. वाळलं."

"मंग! वाळेल लिंबूवर गाडी चालाडस!"

शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. पेडल थरथरतं म्हणजे ब्रेक गेला. जपून जा, जोरात दाबू नको, हळूहळू दाबत जा. मी मान डोलावली, घंगाळ घेतलं आणि जीव मुठीत धरून पारोळ्याला निघालो. ही गोष्ट रूपालीच्या सासरी सांगायची नाही, हे मनाशी पक्कं केलं.

चार वाजता पोचलो. पाणी झालं, चहा झाला. अक्का साठीच्या, बारीक, डोळे मात्र तराजूसारखे. नाना म्हणजे त्यांचे यजमान. त्यांनी जन्मभर पारोळा-धुळे काळीपिवळी जीप चालवली. ते गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "बरी शे."

अक्का म्हणाल्या, "गाडीनं नही, मी चालवनारानं पाहीसू." मग आत जाऊन पितळेचा तांब्या काठोकाठ भरून आणला आणि मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसल्या. "ती मनी सून शे, कापूसनं गाठोडं नही. आठला किल्लावरथून बाजारमाईन हायवेलोंग चाल, आनि घर ये. पानी सांडनं त पोर आठेच बायतीन व्हई. नही सांडनं त धाडसू."

दारात रूपाली उभी होती. तिने मला फक्त डोळ्यांनी 'दादा' म्हटलं.

नाना पुढे माझ्या शेजारी बसले. पट्टा लावायला सांगितला तर म्हणाले, "चाळीस वरीस नही लावा." त्यांच्या जीपमधे पट्टा नव्हताच, हे त्यांनी सांगितलं नाही.

बाजाराचा दिवस होता. मी दुसऱ्या गिअरमधे, पुढे लांब नजर ठेवून चाललो होतो. फोर्कलिफ्टवर हेच शिकवतात. पुढे थांबावं लागेल असं दिसलं की आधीच ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी स्वतःच निम्मी मंद होते, ब्रेकला फक्त शेवटचं काम उरतं. खरं सांगतो, पाणी हललं पण सांडलं नाही. नानांची मात्र तळमळ सुरू होती.

"उतार शे रे, न्यूट्रल कर! पेट्रोल काय नळले येस का?"

"नाना, गिअरमधे असली की इंजिनच गाडी धरून ठेवतं."

"माले शिकाडस का? मी त उतारवर चावीच बंद करू."

स्पीडब्रेकर सात. त्यातले दोन नगरपालिकेचे, बाकीचे ज्याच्या घरासमोर त्याने आपल्या मापाने घातलेले. एकाची उंची तर अशी, की घालणाऱ्याचं कोणाशी तरी वैर असावं. सातही ओलांडले. हायवेवरून परत फिरलो. गल्लीत शिरलो, घर दिसायला लागलं, दारात रूपाली. आणि समोरून एक तांबडा कोंबडा रस्ता ओलांडू लागला.

ब्रेक दाबायला हवा होता. पण जोरात दाबला तर पेडल थरथरेल, नाना ओळखतील, आणि पाणी सांडेल. पाणी सांडलं तर आईची बाज रिकामी. मी हळूच दाबला, अगदी लोण्यासारखा.

गाडी अलगद दारात थांबली. नानांनी मागे वळून पाहिलं आणि टाळी वाजवली. "थेंब सांडना नही! बठ्ठं पानी जठे व्हतं तठेच!"

अक्का तांब्या घेऊन खाली उतरल्या. चाकामागे पाहिलं. तांब्या ओट्यावर ठेवला.

"तुमना कोंबडा गया," त्या नानांना म्हणाल्या.

नानांची टाळी विरली. तो कोंबडा जावई येतील त्या दिवसासाठी पाळलेला होता.

"अक्का, पाणी तर…" मी म्हणालो.

"पानी मी पाहिनं. कोंबडा तू पाहिना व्हता. तुले दिखना, आनि तू थांबना नही." मग त्या नानांकडे वळल्या. "येले गाडी थांबाडता येत नही. येले फक्त माले खूश करता येस. आज कोंबडा व्हता, उद्या मानूस ऱ्हाई. पोर जावाव नही."

आणि आत गेल्या. रूपालीही त्यांच्या मागोमाग गेली, तेच जास्त लागलं.

रात्रीच्या जेवणात कोंबडा होता. काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. ज्यांना खान्देशी रस्सा खायचाय त्यांनी पारोळ्यात कोणाच्या तरी घरी खावा, हॉटेलात ती चव नाही. मला नानांनी दोनदा वाढलं. दोन्ही वेळा संपवला, कारण ताटात टाकणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं झालं असतं.

तिसरा दिवस: पारोळा ते गाव

सकाळी सात वाजता मी बाजारपेठेच्या मागच्या गॅरेजात उभा. मिस्त्री दात घासत होता. त्याला सगळं सांगितलं, शेळीपासून कोंबड्यापर्यंत. त्याने चूळ भरली, गाडीत शेजारी बसला आणि म्हणाला, "मार्केट यार्डात चल." यार्ड त्या दिवशी बंद, रस्ता मोकळा.

"चाळीसवर घे. मी हात वर केला की मार."

हात वर झाला. मी मारला. पेडल थरथरलं, मी पाय उचलला.

"का उचलला?"

"थरथरलं ना."

"ते थरथरतं म्हणजे काम करतंय. चाक घसरू नये म्हणून ते स्वतःच धरतं आणि सोडतं, तुझ्या पायापेक्षा कितीतरी भराभर. म्हणूनच ब्रेक मारूनही गाडी वळते. तू पाय उचललास की त्याचं काम बंद. दाबून ठेव. थांबेपर्यंत. आणि वाट असेल तिकडे वळव."

"सोनगीरला म्हणाले, ब्रेक गेला."

"कोण म्हणालं?"

"लोक."

"लोकांच्या गाड्या कुठे होत्या?"

आठवून पाहिलं. एक सायकल होती.

दहा वेळा मारायला लावला. पाचव्यांदा पाय उचलला नाही. सातव्यांदा डोळे मिटले नाहीत. परत गॅरेजात आल्यावर त्याने गाडी वर उचलून चारही चाकांचे ब्रेक पाहिले, तेल पाहिलं, सगळं ठीक होतं. मग म्हणाला, "आणि नानांना सांग, उतारावर चावी बंद केली की पेडल दोन-तीनदा दाबेपर्यंत चालतं, मग दगड होतं. वर स्टिअरिंगही अडकलं तर देवाला सांगायलासुद्धा वेळ नाही." तुम्हीच सांगा म्हणालो, तर मिस्त्री म्हणतो, "नको, ते माझ्या बापाचे दोस्त होते."

घरी आलो आणि अक्कांना म्हणालो, "परत बसा. तांब्या घ्या."

"आते काय?"

"आज पाणी सांडणार आहे. आधीच सांगतो."

त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. मग तांब्या भरला. काठोकाठ.

यार्डात नाना भुसा भरलेलं पोतं घेऊन एका ओट्यामागे लपले. कधी टाकायचं ते त्यांनी ठरवायचं. लपण्यात त्यांना इतका आनंद झाला, की पहिल्या फेरीत टाकायचंच विसरले. अक्कांनी पट्टा लावला होता, कसा लावायचा ते रूपालीने निघताना दाखवलं होतं. दुसऱ्या फेरीला चाळीसवर होतो, आणि पोतं अचानक समोर आलं.

मी दाबला. सगळा. पेडल पायाखाली खडखडलं आणि मी दाबून ठेवला. टायर ओरडले नाहीत, गाडी फक्त पुढे वाकली. मानेवर थंड पाणी आलं, पाठीतून खाली गेलं. गाडी थांबली. पोतं बोनेटच्या पुढे दोन हातांवर.

आरशात पाहिलं. अक्कांच्या तोंडावरून पाणी निथळत होतं, लुगडं चिंब, तांब्या रिकामा, पण हातातून सुटला नव्हता. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"परत एक डाव घेऊत?" नाना ओट्यामागून ओरडले.

"नको," अक्का म्हणाल्या. "रूपाले सांगा, पिशवी भर."

पिशव्या अकरा झाल्या. पापड, कुरडया, शेवया, भरताची वांगी, दोन केळीचे घड. नाना पाण्याची बाटली आणि वांग्यांची पिशवी माझ्या पायाशी ठेवायला निघाले, "हाताशी ऱ्हाई" म्हणाले. मी दोन्ही उचलून डिकीत टाकली. ब्रेकच्या पेडलखाली एक वांगं अडकलं तर मिस्त्री, अक्का आणि थरथरणारं पेडल मिळूनही गाडी थांबवू शकत नाहीत. नाना रुसले. रुसू दिलं.

रूपाली मागे बसली, पट्ट्याची खालची बाजू पोटाखालून घेतली. गरोदर बाईने तशीच घ्यायची, पोटावरून नाही. पारोळा सुटेपर्यंत ती पुढची सीट घट्ट धरून होती.

"दादा, मी थांब म्हटलं तर थांबशील?"

"थांबीन."

"आणि मी म्हणायच्या आधी थांबावं लागलं तर?"

"तर तुझ्या सासूला विचार. ओल्या झाल्यात त्या."

ती हसली, पण हात सीटवरच. भडगावचा रस्ता असा, की खड्डा संपला की स्पीडब्रेकर आणि स्पीडब्रेकर संपला की ट्रॅक्टर. एका ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल चिंधीसुद्धा नव्हती, फक्त 'पुन्हा भेटू' लिहिलेलं. मी चार गाड्यांचं अंतर सोडलं. मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता, त्या मोकळ्या जागेत शिरायचं होतं त्याला. शिरला. शिरू दिलं आणि परत अंतर सोडलं. गिरणेच्या पुलावर आरशात पाहिलं तर तिचा हात खाली आला होता. भडगावनंतर ती झोपली, तोंड उघडं ठेवून, लहानपणी झोपायची तशी.

या प्रवासाचा एकही फोटो नाही. दाखवण्यासारखं काही घडलंच नाही.

घरासमोर आई भाकरीचा तुकडा घेऊन उभी, ओवाळून टाकायला. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. त्या आवाजाने रूपाली जागी झाली.

"गाव आलं? थांबलो कधी आपण?"

परतीचे दिवस आणि नंतर

गावात एक दिवस राहून निघालो. कोंडाईबारी यावेळी मला उतरायची होती. तिसऱ्या गिअरमधे, पाय मधूनमधून लावत आणि सोडत उतरलो. मागे चार गाड्यांनी हॉर्नचा जागर मांडला. एकाने बाजूने जाताना काच खाली करून विचारलं, "शिकतोयस का?" मी म्हटलं, हो.

गांधीधामला खोलीवरच्या पोरांनी विचारलं, किती तासांत मारलं? मी खरा आकडा सांगितला. ते इतके हसले की एकाला ठसका लागला.

काय उरलं म्हणाल तर मानेत डावीकडे थोडी उसण उरली, गाडीत वांग्याचा वास उरला, आणि एक सवय लागली. कोणतीही गाडी हातात आली की आधी मोकळ्या जागी एकदा थांबवून बघतो, मग चालवतो. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांनी रस्सा चुकवू नये आणि पाच जाणकार जमले की गाडीत बसून काचा वर कराव्यात.

दोन महिन्यांनी रूपालीला मुलगी झाली. दोघी बऱ्या. बारशाला अक्का एसटीने आमच्या गावी आल्या. फोनवर त्यांचाच आवाज आला.

"भाऊ, नात देखी का फोटोमा?"

"देखी अक्का. तुमच्यावर गेली."

"माले घर सोडाले तू कव्हय येशी?"

"अक्का, मला दिवाळीपर्यंत सुट्टी नाही. गावात रिक्षा आहे, एसटी आहे, गल्लीतल्या कोणाची गाडी…"

"तो एसटीवाला उतारवर न्यूट्रल करे. मी पाह्यं. आते दुसराना गाडीमा मी बसाव नही." जराही न रागावता त्या म्हणाल्या, "दिवाळीलोंग ऱ्हासू मंग. आठे बरं शे. तुनी माय चहामा साखर जास्त टाकस, ते मी आते सुधारसू."

फोनमधे खरखर झाली, पावलं वाजली, दार लागलं. मग आईचा दबलेला आवाज.

"तू उद्या निघ."

"आई, सुट्टी नाही."

"मंग नोकरी सोड."